आडोसा

दिल्लीच्या थंडीविषयी महाराष्ट्रातील आमच्या आप्तेष्टांचे मत फारसे गंभीर नाही. ज्याने महाबळेश्वर पाहिले त्याला थंडी शिकवू नये, असा वाईकरांचा ठाम समज आहे; आणि आम्ही मूळचे वाईचे असल्यामुळे नोकरीची पहिली काही वर्षे हा समज आम्हीही ऊबदार शालीसारखा पांघरून होतो. ती शाल ज्या दिवशी गळून पडली तो दिवस १४ जानेवारीचा होता, वेळ सकाळची होती आणि आम्ही उभयतां मोटारसायकलीवर बसून पानिपताच्या वाटेवर होतो.

पोटासाठी दिल्लीत येऊन राहिलेल्या मराठी माणसाने १४ जानेवारीस काला आंब येथील स्मारकस्तंभापुढे क्षणभर उभे राहून यावे, हा प्रघात आमच्याही घरात शिरला आहे. पानिपत येथून अवघे नव्वद किलोमीटर. मोटार आमच्या वेतनश्रेणीत बसत नाही. आगगाडीने जावे तर यात्रेचा शीण पुरेसा होत नाही. राहता राहिली आमची बुलेट. हे वाहन मूळचे इंग्लंडातले; १९५५ पासून ते मद्रासेत तयार होऊ लागले आणि हळूहळू इतके आपले झाले की त्याचे विलायती गोत्र कोणाला आठवतही नाही. तिच्यावर बसायचे ते कणा ताठ ठेवून, छाती पुढे काढून. शहरात ही ऐट शोभून दिसते. उघड्या हमरस्त्यावर मात्र ती छाती म्हणजे वाऱ्याला दिलेले आमंत्रणच ठरते.

वाऱ्याचा हिशेब सरकारी हिशेबाहून कडक आहे. वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होऊन थांबत नाही, चौपट होतो. ताशी चाळीसला जो वारा अंगाशी लडिवाळपणे खेळतो, तोच ऐंशीला छातीवर हात ठेवून मागे लोटू लागतो. थंडीचेही तसेच. हवेचे मान आठ अंश असले, तरी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ते जेमतेम दीड अंशासारखे भासते. धुके विरल्यावर आम्ही वेग वाढविला आणि मुरथळला पराठ्यासाठी उतरलो तेव्हा आमची बोटे मुठीच्या आकारातच गोठून राहिली होती. चहाचा पेला सौभाग्यवतींनी आमच्या तोंडाला लावला. शेजारच्या बाकावरील मंडळींनी या दृश्याचा काय अर्थ केला असेल, तो त्यांचा त्यांना ठाऊक.

त्याच वर्षाच्या अखेरीस, पुन्हा हिवाळा तोंडावर आला तेव्हा, आम्ही करोल बागेतील नाईवाला गल्ली गाठली. मोटारसायकलीच्या कायेला जे जे म्हणून जोडता येते ते सारे या अरुंद गल्लीत लटकलेले असते. दुकानदाराने आमच्यापुढे विंडशील्डांची रास घातली. ॲक्रिलिकची काच स्वच्छ दिसते, पण आघाताने तडकते. पॉलिकार्बोनेटची चिवट असते, मात्र कोरड्या फडक्याने पुसली तर ओरखडे धरते. हे ज्ञान पदरात पाडून घेऊन आम्ही दुसऱ्या प्रकारची एक आटोपशीर काच पसंत केली. आमच्यातील कारकून तेवढ्यात जागा झाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२: नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरबदल वाहनात करू नये. आम्ही मनातल्या मनात टिपण लिहिले: 'प्रस्तुत काच चार क्लँपांनी हँडलास अडकविली असून ती केव्हाही काढता येते, सबब हरकत नसावी.' मंजुरीही आम्हीच दिली. इतक्या त्वरेने निकालात निघालेले प्रकरण आमच्या सेवाकाळात दुसरे नाही.

काच लावून आम्ही पहिल्यांदा यमुना एक्सप्रेसवेवर गेलो तो अनुभव काय सांगावा! आम्ही उंचीने बेताचेच. त्या आटोपशीर काचेमागे आम्ही पुरते मावलो. छातीवरचा भार उतरला, डोळ्यांचे पाणी थांबले, इंजिनाची लय कानी येऊ लागली. घरी परतल्यावर आम्ही त्या काचेचे इतके गुणगान केले की मुलांनी पानावरून उठताना एकमेकांना डोळे घातले.

त्यानंतर सौभाग्यवतींचे आमच्यासह येणे कमी होऊ लागले. एकदा डोके दुखत होते, एकदा मान आखडली होती, एकदा घरी पाहुणे यायचे होते. आम्ही यातून कोणताही निष्कर्ष काढला नाही. सुखात असलेला मनुष्य निष्कर्ष काढण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही.

पुन्हा १४ जानेवारी आली. या खेपेस मुरथळला आमची बोटे सुटी होती. आम्ही मोठ्या आनंदाने पराठ्याला लोणी लावीत होतो. समोर सौभाग्यवतींनी शिरस्त्राण काढले आणि दोन्ही हातांनी मान धरून त्या तशाच बसून राहिल्या.

"काय होतंय?" आम्ही विचारले.

"काही नाही. काच आल्यापासून सगळा वारा माझ्या डोक्यावर येतो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होता, की सांगवेना."

आमचा त्यावर विश्वास बसेना. शेवटी पानिपत ओलांडल्यावर एका मोकळ्या आडरस्त्यावर त्यांनीच बुलेट हाती घेतली. त्या रोज कचेरीला स्कूटरने जातात आणि वाहन चालविण्यात आमच्याहून अधिक सावध आहेत. आम्ही मागे बसलो. ताशी साठचा वेग झाला मात्र, कोणी तरी आमच्या शिरस्त्राणावर दोन्ही हातांनी ताशा बडवू लागले. दोन किलोमीटरांत आमची मान बोलू लागली. त्या असला मार दोन महिने मुकाट्याने खात होत्या.

काच वाऱ्याला नाहीसा करीत नाही, ही साधी गोष्ट आम्हांला त्या दिवशी उमगली. ती त्याला उचलून केवळ दुसरीकडे पाठविते. तिच्या वरच्या कडेवरून निसटलेला झोत फुटतो, त्याचे भोवरे होतात; मागची बैठक चार बोटे उंच, म्हणून मागच्याचे डोके नेमके त्या भोवऱ्यांच्या तोंडी सापडते. पूर्वी वारा आमच्या छातीवर फुटे आणि उरलासुरला मागे जाई. आमची छाती हाच त्यांचा आडोसा होता. आम्ही आपल्यासाठी आडोसा विकत घेतला आणि त्यांचा मोडला. खरे तर हा न्याय आम्हांला कचेरीत फार पूर्वीच कळायला हवा होता. 'पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी' असे लिहून आमच्या टेबलावरून दूर केलेली फाईल या जगातून जात नाही. कोणाच्या तरी टेबलावर जाते.

काला आंबच्या स्तंभापुढे आम्ही दरवर्षी सेनापतींचे स्मरण करीत आलो. त्या वर्षी मन दुसरीकडेच गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेने गोल बांधून दिल्लीच्या रोखाने सरकत जावे आणि लढाऊ नसलेली माणसे, बायकामुले, यात्रेकरू यांना त्याच्या आश्रयाने बाहेर काढावे, असा बेत होता, असे इतिहासकार सांगतात. गोल म्हणजे चालता आडोसाच. काही पथके शत्रू समोर दिसताच आवेशाने पुढे धावली आणि गोल फुटला. पुढे धावणाऱ्यांच्या शौर्याविषयी आम्हांला शंका नाही. पण आपण जागा सोडली म्हणजे मागे कोण उघडे पडते, हे मान वळविल्यावाचून दिसत नाही.

परतीच्या वाटेवर आम्हांला वाईचे घर दिसू लागले. आमच्या मातोश्री तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अंथरुणास खिळल्या. थोरले बंधू आणि वहिनी त्यांचे सारे करतात. आम्ही महिन्याच्या एक तारखेस न चुकता पैसे पाठवितो आणि त्या रात्री स्वस्थ झोपतो. मधल्या काळात पुण्यातील एका कार्यालयात प्रतिनियुक्तीवर जाण्याविषयीची परिपत्रके दोनदा आमच्या हाती आली. दोन्ही वेळा आम्ही मुलांच्या शाळेचे कारण पुढे करून ती खाली ठेवली. कारण खोटे नव्हते, आटोपशीर होते. आमच्या काचेसारखे.

विंडशील्डाची दुरुस्ती फारशी अवघड निघाली नाही. विलायतेत बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९७६ साली आपल्या एका मोटारसायकलीचे संपूर्ण आवरण वातबोगद्यात पारखून घडविले होते. आमचा वातबोगदा म्हणजे रविवारची सकाळ आणि रिकामा रस्ता. सौभाग्यवतींनी विणकामातील लोकरीचे तुकडे काचेच्या कडेला व आमच्या खांद्यांना चिकटविले. धागा सरळ वाहिला की झोत शांत, थरथरला की तेथे भोवरा. मागे बसून त्या सांगत गेल्या, आम्ही थांबून ॲलन कीने क्लँप सैल करीत गेलो. काच थोडी मागे झुकविली आणि तिच्या खाली दोन बोटांची फट ठेवली. त्या फटीतून थोडा वारा आत येतो, काचेमागची पोकळी भरून काढतो आणि वरचे भोवरे निवतात. तो वारा अर्थातच आमच्या छातीवर येतो. थंडी वाजते, पण बोटे गोठत नाहीत, आणि मागून "आता ठीक आहे" असे ऐकू येते.

त्याच रात्री आम्ही वाईला फोन केला. वहिनींनी सवयीने सांगण्यास प्रारंभ केला: आईंनी पेज घेतली, औषध आणले, पाठीची जखम सुकत आली आहे.

"वहिनी," आम्ही म्हणालो, "तुम्ही कशा आहात?"

पलीकडे काही काळ शांतता होती.

"आईंचंच विचारताय ना, भाऊजी?"

"नाही. तुमचं विचारतोय."

त्यानंतर वहिनी पाऊण तास बोलत होत्या. आम्ही मध्ये एक शब्दही बोललो नाही. फोन ठेवला तेव्हा घरातली सारी निजली होती. आम्ही कपाटातून दुसऱ्या परिपत्रकाची प्रत काढली. तिची मुदत केव्हाच टळली होती. तरीही आम्ही अर्जाचा कोरा कागद समोर घेतला, आणि पुढचे परिपत्रक निघेल तेव्हा वेळ जाऊ नये म्हणून, तारखेची जागा मोकळी सोडून, लिहावयास बसलो.