कवंदीच्या गावी

बेळगावहून खानापूर, नंदगड करीत हल्याळकडे जाणारा रस्ता आमच्या घराला नवा नव्हे. आजेसासऱ्यांच्या काळी आमच्या दुकानाचे कापडाचे गठ्ठे याच रस्त्याने बैलगाडीतून बाजाराच्या गावांना जात, असे मामंजी सांगतात. मी मात्र लग्नाला चाळीस वर्षे झाल्यावर, गेल्या मार्गशीर्षात, प्रथमच त्या रस्त्याने गेले. आणि तेही माल विकण्यास नव्हे, तर एक अडलेले शिवणकाम काखोटीला मारून.

ते काम कसे अडले, हे आधी सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी आमचे दुकान बंद झाले. गादीवर बसणारे पुढे कोणी उरले नाही. एक मुलगा पुण्यास, दुसरा बंगळुरास. माल उठला, देणी-घेणी मिटली, पाटी उतरली. फळ्यांवर उरले ते नमुन्यांचे तुकडे. मांजरपाट, पॉपलीन, वायल, जाडीभरडी खादी, इलकली काठांची टोके, आणि सासूबाईंनी रेशमाचा त्याग केल्यापासून निराळे बांधून ठेवलेले रेशमाचे एक गाठोडे. ते गाठोडे मी उघडले नाही. उरलेल्या सुती तुकड्यांची भिंतीवर टांगण्याजोगी एक वाकळ शिवावी आणि ती दिवाणखान्यात लावावी, असे मनात आले.

तुकडे जोडले, भरण व अस्तर घातले, मधला धावदोराही पुष्कळसा झाला. पण कड काही जमेना. मगजीसाठी मी उरेब पट्टी कापली होती. ती हाताखाली ताणली गेली आणि कडेला लाटा उठल्या. उसविली, पुन्हा लावली, पुन्हा लाटा. सपाट बसावी म्हणून वाकळ ओली केली, तर पॉपलीनचे तुकडे आटले आणि त्यांच्याशेजारची वायल फुगून आली. अखेर घडी करून ती माडीवरच्या शिवणाच्या खोलीत ठेवली. त्या खोलीचे वर्णन न केलेले बरे. दोन शिवणयंत्रे, त्यांपैकी एक बंद. दुकानातून आलेली गाठोडी. आणि जिथे ठेवली असे वाटे तिथे कधीही न सापडणारी कात्री. वाकळ त्या खोलीत दोन वर्षे पडून राहिली. मामंजींनी तिच्याविषयी एकदाही विचारले नाही. खाली आणताना ती समोर आली, तर ते वर्तमानपत्र किंचित वर धरीत.

आमच्या वन्सं हुबळीस राहतात. त्यांनी सिद्दी बायकांनी शिवलेली एक कवंदी विकत घेतली होती. माझी तक्रार ऐकून त्या म्हणाल्या, “वहिनी, तुमची कड सुटत नाही ना? मग ज्यांची कड आधी होते त्यांच्याकडे एकदा चला.”

म्हणून हा प्रवास. खानापूरपाशी कौलांचे ढीग लागले. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी क्षणभर थांबलो. १८३१ साली त्यांना येथे फाशी देण्यात आले. पुढे ऊस आणि भात मागे पडून साग सुरू होतो, रस्ता सावलीत शिरतो आणि माती अधिक तांबडी होते. हल्याळच्या बाजारात मराठी, कन्नड, कोकणी अशा तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. तेथून आत वळून आम्ही एका सिद्दी वस्तीवर पोहोचलो. कौलारू घरे, शेणाने सारवलेली अंगणे, आणि दांडीवर उन्हात घातलेल्या कवंद्या. लाल, पिवळ्या, निळ्या तुकड्यांच्या त्या जाड घड्या लांबूनच दिसतात.

सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो. हे सिद्दी त्या किल्ल्यातले नव्हेत. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आणले गेले. पोर्तुगिजांच्या गोव्यात त्यांची खरेदी-विक्री झाली. कित्येक जण तेथून निसटून घाटातल्या रानात शिरले आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत वसले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. ‘व्यापार’ हा शब्द आपण घरात किती अभिमानाने उच्चारतो! याच किनाऱ्यावर माणसांचाही व्यापार होत होता आणि त्याच्याही वह्या कोणीतरी नेटकेपणे लिहिल्या असतील, हा विचार त्या अंगणात उभी असताना माझ्या मनातून जाईना.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो त्यांना सारे अक्का म्हणत. वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी गुळाचा कोरा चहा दिला आणि पडवीत बसून आपले काम पुढे चालू केले. समोर जुने सुती लुगडे अंथरलेले. त्याची कड आत मुडपलेली, त्या मुडपीवर ठिगळ, ठिगळाची कडही आत मुडपलेली, आणि त्या साऱ्या थरांतून धावदोरा. चौकट नाही, आखणी नाही, टाचण्याही नाहीत. एका कोपऱ्यापासून निघून त्या कडेकडेने जातात. चारी बाजू झाल्या की आतला फेरा, मग त्याच्याही आतला. ठिगळे बसत जातात, टाक्यांच्या ओळी बोटभर अंतराने एकीशेजारी एक पडत जातात आणि शेवटचा टाका मधोमध येतो. मगजी नावाचा प्रकारच नाही. जी कड मला दोन वर्षे छळत होती ती येथे पहिल्याच दिवशी होऊन जाते.

मी माझी वाकळ उलगडली. अक्कांनी तिची कड बोटांत धरून पाहिली, मग एक तुकडा अंगठ्याने चोळला.

“हे धुतलेलं नाही.”

“नाही. दुकानातला कोरा नमुना आहे.”

“कोरं कापड हट्टी असतं. आधी कुणीतरी ते नेसायला हवं.” मग माझ्या लाटांवरून हात फिरवीत म्हणाल्या, “कड सुटी ठेवून मधे शिवत बसलं की कापड पळतं. मग तुम्ही त्याच्यामागे धावता.”

टेरिलिनचे दोन तुकडे त्यांनी सरळ परत केले. सुई जात नाही आणि ऊबही येत नाही, एवढेच कारण. वापरून मऊ झालेले सुती कापडच त्या पसंत करतात, कारण तीन-चार थरांतून दिवसभर सुई ओढायची ती बोटांनीच. खळीचे कापड बोटे फोडते.

कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घालून केलेले लहान तिकोनी तुकडे शिवतात; त्याला फुला म्हणतात. ऊब देण्यात फुल्याचा उपयोग नाही. एक तयार कवंदी मी कोपऱ्याशी निरखीत होते, तेव्हा अक्कांच्या सुनेने सांगितले, की फुल्यावाचून कवंदी उघडी दिसते. विकण्यासाठी केलेली असो वा नातवंडासाठी, फुला हवाच. या कवंद्या पाहण्यास हेन्री ड्रुअल नावाचे अमेरिकेतील कलेतिहासाचे प्राध्यापक येथे येऊन राहिले होते. बायकांची सहकारी मंडळी २००४ मध्ये उभी राहिली आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये कवंद्यांचे प्रदर्शन भरले. तेव्हापासून अंथरण्याच्या कवंदीबरोबर भिंतीवरची कवंदीही दूरच्या घरी जाऊ लागली.

व्यापाऱ्याच्या घरची सवय जात नाही. मी किंमत विचारली आणि मनात हिशेब मांडला. चिंध्या घरच्या, दोरा विकतचा, आणि पावसाळ्यातले दीड-दोन महिने. रानातले व शेतातले काम नसेल तेव्हाचे हे काम, म्हणून त्याची मजुरी कोणी धरीतच नाही. सांगितलेल्या भावात मी घासाघीस केली नाही. केली असती तर मामंजींना आवडली नसती.

निघताना मी विचारले, “अक्का, तुमचे शिवणाचे सामान कुठे असते?” त्यांनी खुंटीकडे बोट दाखविले. तेथे एक पिशवी टांगली होती. तीत दोऱ्याच्या रिळात खोचलेल्या दोन सुया, एक कात्री आणि जुन्या ओढणीत बांधलेल्या चिंध्या. “आणि जागा?” त्या हसल्या. “बसले की होते जागा.”

सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून आम्ही लवकर परतलो. गाडीत वन्सं झोपल्या. मी आमच्या घरातल्या जागा मोजत होते. माडीवरची खोली आठ बाय दहा फूट, तिच्यात साडेचार फूट लांबीचा पट पुरता उलगडत नाही. टेबलावर ठेवला तर निम्मा खाली लोंबतो, त्याच्या वजनाने कड ओढली जाते आणि टाका सैल पडतो. एवढा सपाट, उजेडाचा आणि मोकळा पृष्ठभाग घरात एकच होता: दुकानाची गादी. दुकान बंद झाले तरी मामंजी रोज दहा वाजता खाली जाऊन गादीवर बसतात, लोडाला टेकून वर्तमानपत्र वाचतात आणि एक वाजता वर येतात. दर दिवाळीला गादीची पांढरी खोळ बदलते. त्या गादीवर चिंध्या पसरण्याची परवानगी मागावी, हे तीन वर्षांत कोणाच्या मनातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ती मागितली. मामंजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आपला लोड उचलला आणि गादीच्या एका टोकाला सरकवला.

मग आठ दिवस आवराआवर. बंद यंत्र दुरुस्तीस देऊन एका शिकणाऱ्या मुलीला दिले. दोन टेरिलिनची गाठोडी गेली. उरलेले सारे सुती तुकडे कोमट पाण्यात भिजवून खळ काढली, उन्हात वाळविले आणि दुकानाच्याच फळ्यांवर ठेवले. पण ढिगाने नव्हे, चोपड्या उभ्या लावतात तसे उभे, म्हणजे एक ओढला तर दुसरे कोसळत नाहीत. फळ्यांत कडुनिंबाचा पाला घातला, कसर लागून ती मारण्याची वेळच येऊ नये म्हणून. दोऱ्यांची रिळे खिडकीपासून दूर, उन्हाने दोरा विटतो आणि कुजतो. गादीवर मी अशी बसते, की रस्त्याकडचा उजेड डावीकडून येईल आणि सुई धरलेल्या हाताची सावली कामावर पडणार नाही. हाताच्या टप्प्यात एकच पिशवी: कात्री, अंगुस्तान, दोरा आणि आठ सुया.

सुयांचे मामंजींनी मनावर घेतले. गादीत सुई राहिली तर कोणाला तरी टोचेल. म्हणून रोज संध्याकाळी दिवा लागण्यापूर्वी ते सुया मोजतात, पूर्वी गल्ला मोजीत तसे. “आठ. जमा.” मग पिशवी मिटते.

वाकळ मी बरीचशी उसविली. आटलेले तुकडे बदलले. कड मुडपून शिवण्याची वेळ माझ्या हातून केव्हाच टळून गेली होती, तेव्हा मगजीच लावावी लागली. परंतु उरेब पट्टी गोल कडेसाठी असते, हे भान आता होते. सरळ धाग्याची पट्टी कापली, तीही फुगलेली कड मोजून नव्हे, तर वाकळेच्या मध्यातून लांबी-रुंदी मोजून त्या मापाने. आणि जास्तीची कड त्या मापात हळूहळू बसविली. मध्य भलतेच बोलत नाही. कोपऱ्यात पट्टीची तिरकी घडी घातली. फुला लावण्याचा मोह झाला होता. तो लावला नाही. तो त्या घरांचा आहे, आणि आमच्या दिवाणखान्यात आता एक खरी कवंदी आहेच.

मी कडेने शिवत होते, तेव्हा तिसऱ्या की चौथ्या दिवशी वर्तमानपत्र खाली आले.

“हे सत्तावन सालचे,” मामंजी एका करड्या चौकडीवर बोट ठेवून म्हणाले. “सोलापूरचा माल. मी दुकानात येऊन वर्ष झाले होते. वडिलांना न विचारता पन्नास ठाणे घेतली आणि चार विकली.” दुसरे बोट पिवळ्या वायलीवर. “हे चालले. हे फार चालले. तुझ्या सासूने याचेच झबले केले होते.” त्या दुपारी ते एक वाजता वर गेले नाहीत, मी ताट खाली आणले. पुढच्या दिवशी त्यांनी चष्म्याचे पेटीकपाट उघडून पेन्सिल काढली आणि अस्तराच्या बाजूने, ज्या ज्या तुकड्याची आठवण आली त्याच्या मागे, साल लिहीत गेले. त्या पेन्सिलीवरून मी नंतर तांबड्या दोऱ्याने टाके घातले.

शेवटी टांगण्याची तयारी. वाकळेच्या पाठीशी, वरच्या कडेच्या जरा खाली, परकराच्या नेफ्यासारखी चार इंची पट्टी शिवली. ताठ नव्हे, अर्धा इंच सैल, नाहीतर आतल्या दांड्याचा फुगा समोरून दिसतो. रुंदी तेहतीस इंच. सुताराकडे छत्तीस इंची दांडा करण्यास सांगणार, असे मी जेवताना म्हणाले.

मामंजी उठून आत गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा हातात लोखंडी गज होता. मीटर आल्यावर दुकानातून उठलेला, साठ वर्षे कोठीघरात पडलेला जुना वारी गज; छत्तीस इंच, टोकांशी गंज धरलेला.

“सूनबाई, याला आता शिक्का नाही,” ते म्हणाले. “मापाला चालायचा नाही. टांगायला चालेल.”

गंजाचे डाग सुती कापडाला लागू नयेत म्हणून मी गज घासला आणि धुतलेल्या मलमलीत गुंडाळला. नेफ्यातून तो सरकविताना एक टोक मामंजींनी धरले होते.