नक्शेवाली किताब

चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं होती, तेव्हा तिथे जुनी पुस्तकं किलोवर मिळायची. एखाद्या कंपनीची वसाहत रिकामी झाली, लोणावळ्या-पाचगणीकडच्या निवासी शाळेनं ग्रंथालय आवरलं, की ते गठ्ठे टेम्पोतून इथे येत आणि इथून कागदाच्या गिरणीकडे जात. मी भोसरी एमआयडीसीत टूलरूमला ड्राफ्ट्समन. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, तेव्हा कुदळवाडीची फेरी ठरलेली. गोदामवाल्या चाचांना माझा शोध पाठ झाला होता. ‘साहब, नक्शेवाली किताब आयी है,’ असं ते लांबूनच ओरडून सांगायचे.

नक्शेवाली किताब म्हणजे लहान मुलांच्या गोष्टींची जुनी सचित्र पुस्तकं, ज्यांत कुठेच नसलेल्या मुलखाचा नकाशा असतो. माझं पहिलं घबाड म्हणजे आर्थर रॅन्समचं ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’. लंडनच्या जोनाथन केपनं ते १९३० साली काढलं. माझी प्रत त्यानंतरच्या एका पुनर्मुद्रणातली. पुठ्ठा उघडला, की स्टीव्हन स्परियरनं काढलेला तळ्याचा आणि बेटांचा नकाशा समोर. अर्धा पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला, अर्धा सुटा, मधोमध घडी. गोष्टीचं पहिलं वाक्य वाचण्याआधीच मी त्या तळ्यात उतरलो होतो.

तेव्हापासून जमवत गेलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. आवृत्त्या निघत जातात तसा नकाशा आक्रसतो. आधी तो दोन रंगांत, ऐसपैस, पुठ्ठ्याच्या आत असतो. पेपरबॅकला आतून चिकटवायचा कागदच नसतो, म्हणून तो आतल्या पानांत शिरतो. रंग बहुतेक वेळा जातोच. पुढे तो अर्ध्या पानावर येतो, नदीची नावं मुंगीएवढी होतात, आणि एखाद्या आवृत्तीत तो गायबच होतो. गोष्टीतला शब्दन् शब्द जपणारे प्रकाशक नकाशाला मात्र सजावट समजतात. दिवसभर ड्रॉइंगवर काम करणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही. जुनी आवृत्ती मला हवी असते ती तिच्या किमतीसाठी नाही. लेखकानं नकाशा जेवढा आणि जसा योजला, त्याच्या सगळ्यात जवळचा तिथे मिळतो म्हणून.

‘हॉबिट’चंच बघा. अ‍ॅलन अँड अन्विननं २१ सप्टेंबर १९३७ रोजी ते काढलं, पहिल्या खेपेला १५०० प्रती. नकाशे खुद्द टोल्किनचे. त्यातल्या थ्रोर नावाच्या बुटक्या राजाच्या नकाशात वरची दिशा पूर्व आहे, उत्तर नाही. त्यावरची चंद्रलिपी, म्हणजे गोष्टीत फक्त चांदण्यात दिसणारी अक्षरं, कागदाच्या मागच्या बाजूला उलटी छापावी, म्हणजे पान उजेडासमोर धरल्यावरच ती उमटेल, अशी टोल्किनची इच्छा होती. हा नकाशा पहिल्या प्रकरणात यावा, असंही त्याला वाटत होतं. खर्चाचं गणित बसेना, म्हणून तो पुठ्ठ्याच्या आत गेला आणि अक्षरं साधी समोरच छापली गेली. म्हणजे आक्रसणं पहिल्याच आवृत्तीपासून सुरू झालं होतं!

पहिल्या छपाईची प्रत माझ्या पगारात बसणारी नाही. माझ्याकडे १९५१च्या दुसऱ्या आवृत्तीचं एक पुनर्मुद्रण आहे, ज्यात गॉलम या पात्राचं प्रकरण टोल्किननं बदलून लिहिलं. नकाशे काळ्या आणि लाल शाईत. टूलरूममधलं भिंग लावून पाहिलं, तर एका बाजूला लाल रेघ काळीपासून केसभर सरकलेली दिसते. दोन रंगांसाठी कागद यंत्राखालून दोनदा गेला आणि दुसऱ्या वेळी जरासा हलला. माझ्या शेजारी बसणारा मुलगा कॅडवर शिकलेला. त्याला ती रेघ दाखवली, तर तो जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भिंग सोडेना.

स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ची हकिगत तर आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कामगाराला कळेल. १८८१च्या पावसाळी सुट्टीत, स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला, सावत्र मुलाबरोबर बसून त्यानं बेटाचा नकाशा रंगवला आणि नकाशावरून गोष्ट सुचली. पुस्तक छापायला दिलं, तेव्हा मूळ नकाशा वाटेत हरवला. मग सगळी गोष्ट पुन्हा चाळून, तिच्यातली अंतरं आणि दिशा टिपून नवा नकाशा बसवावा लागला. ड्रॉइंग हरवलेलं, पार्ट तयार. पार्टची मापं घेऊन ड्रॉइंग काढायचं, हे काम भोसरीत रोज चालतं. स्टीव्हन्सनचा नवा नकाशा त्याच्या वडिलांच्या कचेरीत काढला गेला. वडील दीपगृहं बांधणारे इंजिनिअर. गोष्टीतल्या कॅप्टन फ्लिंटची सही त्यांनीच खोटी करून दिली. १८८३ साली पुस्तक आलं ते हा दुसरा नकाशा घेऊन, आणि पहिल्याची सर त्याला कधी आली नाही, असं स्टीव्हन्सनला अखेरपर्यंत वाटत राहिलं.

नकाशाचा दुसरा शत्रू बाइंडिंग. ग्रंथालयातलं पुस्तक खिळखिळं झालं की बाईंडर जुने पुठ्ठे काढतो आणि आतून चिकटवलेला कागद त्यांच्यासोबत जातो. नवं कोरं अस्तर लागतं, पुस्तक दणकट होतं, बेट नाहीसं होतं. अशा कितीतरी प्रती मी हळहळून परत ठेवल्या आहेत. चिंचवडगावात माझे एक बाईंडरमामा आहेत. एकदा त्यांनी विचारलं, ‘साहेब, हा कागद मळलाय, कसर पण लागलीय. नवा लावू ना?’ मी म्हटलं, ‘मामा, पुठ्ठा टाका, पण तेवढा कागद काढून द्या.’ जुनी खळ पिठाची असली, तर ओला टीपकागद ठेवून ती सैल करता येते. मामा पातळ सुरी कागदाखाली घालतात, हात अजिबात वर उचलत नाहीत, आणि बोटभर बोटभर नकाशा सोडवून आणतात. खाली जाड कागद लावून तो पुन्हा त्याच पुस्तकात शिवतात.

लहानपणी आकुर्डीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचताना फुरसुंगीपासून पुण्यापर्यंतचा रस्ता मी वहीच्या मागच्या पानावर काढायचो. मराठीत नकाशा असलेली बालपुस्तकं मला फार थोडी मिळाली, याचं वाईट वाटतं. मीना किणीकरांनी ‘हॉबिट’ मराठीत आणलं, ते मी इंग्रजी प्रतीला खेटून ठेवलं आहे.

ब्रिटनमध्ये आता या कागदांना मोल आलं आहे. मिल्नच्या ‘विनी-द-पू’साठी ई. एच. शेपर्डनं १९२६ साली काढलेल्या रानाच्या नकाशाचं मूळ चित्र २०१८ साली लिलावात ४,३०,००० पौंडांना गेलं. इकडे २०२५च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतली हजारो पत्राशेड पाडली गेली. चाचा आता चाकणच्या बाजूला बसतात. तिथे पॅकिंगचे खोके आणि पुठ्ठाच जास्त येतो, पुस्तकं अधूनमधून. तरी गुरुवारी मी जातो.

कारण १९१४चं ‘टिक-टॉक ऑफ ओझ’ अजून मिळालेलं नाही. ओझ या कल्पित मुलखाचा नकाशा पहिल्यांदा त्यात छापला गेला. त्यात पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे आहे. नंतरच्या छपाईत कुणीतरी दिशा ‘दुरुस्त’ केल्या, देश मात्र जिथल्या तिथे ठेवले, आणि गोष्टीत पूर्वेला राहणारे मंचकिन नकाशावर पश्चिमेला गेले. मला दुरुस्ती होण्याआधीची प्रत हवी आहे. चाचांना त्या पानाचा फोटो दाखवून ठेवला आहे.