खडूची नक्षी

आमचे अण्णा सुतार होते. देव्हारा करावा तर त्यांनी, असं आळीत म्हणत. एकदा महिनाभर खपून त्यांनी एका सागवानी देव्हाऱ्यावर द्राक्षांचा वेल कोरला. गिऱ्हाइकानं तो घरी नेला आणि हौसेनं त्याला सोनेरी रंगाचे दोन जाड हात दिले. अण्णा तिथं पूजेला गेले, प्रसाद घेऊन परत आले आणि आईला एवढंच म्हणाले, "वेल बुडाला गं."

तेव्हापासून सोनेरी लाकडाशी माझं वैर. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं पॅरिसला नेऊन लूव्रमधल्या राजेशाही सोनेरी खुर्च्यांपुढं उभं केलं, तेव्हा मी आधी नाकच मुरडलं. मग जवळ गेलो. पाठीच्या चौकटीवर फुलांची माळ होती. पाकळीची कड कागदासारखी, पानाची शीर न् शीर मोकळी. हा वेल बुडाला कसा नाही?

घरी आल्यावर वाचीत सुटलो. अठराव्या शतकातला पॅरिसचा सुतार बीचच्या किंवा अक्रोडाच्या लाकडाचा सांगाडा जुळवी. नक्षी कोरणारा वेगळा. मग खुर्ची जाई मुलामेवाल्याकडं. तो काय करी? खडूची पूड सरसात कालवून तिचे दहा-दहा, बारा-बारा हात देई! म्हणजे नक्षी बुडालीच की. वीस वर्षं खडूच्या भुकटीत काढलेल्या मला हसू आलं. पण पुढं हा गृहस्थ बारीक हत्यारं घेऊन बसे आणि त्या वाळलेल्या खडूत सगळी नक्षी पुन्हा कोरी. मी पाहिलेली ती शीर लाकडात नव्हतीच. ती खडूत होती!

त्यावर तांबूस मातीचा लेप, लेपावर पाण्याचा हात आणि मग सोन्याचा वर्ख. तो बोटांनी धरता येत नाही. खारीच्या केसांचा कुंचला आधी स्वतःच्या गालावरून फिरवायचा. गालाचा किंचितसा तेलकटपणा लागला की वर्ख त्याला बिलगून येतो. शेवटी उंचवटे अकीकानं घोटायचे, खोलगट जागा तशाच मंद ठेवायच्या.

नावाचा शिक्का मात्र सुताराचा. १७५१ साली पॅरिसच्या सुतारसंघाचा तसा नियमच पक्का झाला. जॉर्ज जाकोबचा (१७३९–१८१४) शिक्का आजही खुर्च्यांवर सापडतो. कोरणारे आणि मुलामेवाले निराळ्या संघाचे. त्यांची नावं सापडली तर जुन्या बिलांत. क्रांतीनंतर ऑगस्ट १७९३ पासून वर्षभर व्हर्सायचं सामान लिलावात निघालं, सतरा हजारांवर बोल्या झाल्या. बसणारे बदलले, शिक्का खुर्चीबरोबर गेला.

अण्णांनी तर शिक्काही कधी मारला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्या आळीतल्या घरी गेलो. देव्हारा होता. घरच्यांना विचारून रंग खरवडायला बसलो. माझा हात काही अण्णांचा नव्हे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकच द्राक्ष मोकळं झालं. आईला बोलावून आणलं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"आणि पानं?" ती म्हणाली.