सामनेवाला क्रमांक एक

१८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली. १२ मृतदेह हाती लागले. चालक आणि वाहकही त्यांत होते. महामंडळाने मृतांच्या वारसांना दहा लाखांची मदत जाहीर केली. अशा अपघातात रागाला जागा तरी असते: महामंडळ आहे, पूल आहे, रस्ता आहे. मी अमळनेरच्या कोर्टात अपघातदाव्यांचं काम करतो. माझ्यापुढे येणारी सगळ्यात अवघड माणसं मात्र वेगळी. त्यांच्या घरची गाडी घरच्याच माणसाच्या हातात होती.

समजा, धुळे रस्त्यावर बाप गाडी चालवत होता. आई गेली, बाप वाचला. दहाव्यालाच मामा म्हणतो, ‘यानंच मारलं माझ्या बहिणीला.’ बाप खाली बघतो. मग मुलगा माझ्याकडे येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाई हवी तर चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि चालक, मालक म्हणून सामनेवाला क्रमांक एक असतो त्याचा बाप. हे सांगितलं की पोरगं अहिराणीवर येतं, ‘वकीलसाहेब, माना बापनं नाव तठे लिखू नका.’

लिहावंच लागतं. दोष सिद्ध न करता मिळणारी वाट आहे, कलम १६४ ची. पण तिथे मृत्यूसाठी रक्कम पाच लाख, बस. १६६ खाली आईच्या घरकामाचंही मोल धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती प्रकरणात ते ठासून सांगितलं आहे. घरात तिच्या कामाचा हिशेब कुणी कधी मांडलेला नसतो. तो पहिल्यांदा आमच्या अर्जात होतो.

साक्षीच्या दिवशी सगळंच उलटं होतं. मुलाचा वकील म्हणून मी सांगतो, बापाने गाडी बेदरकार चालवली. विमा कंपनीचा वकील पोटतिडकीने सांगतो, छे, त्यांची काही चूक नव्हती, समोरून ट्रक आला, टायर फुटलं. बायको गेल्यापासून या माणसाची बाजू घेणारा हा पहिलाच.

मी घरच्यांना एकच सांगतो. न्यायाधिकरणात फक्त पारडं कुठे झुकतं ते बघतात. संशयापलीकडचा पुरावा लागतो तो फौजदारी खटल्यात. अर्जातल्या त्या ओळीने बाप खुनी ठरत नाही. फौजदारीचं वेगळं. तिथे घरच्यांनी माफ केलं म्हणून गुन्हा आपोआप मिटत नाही. पूर्वीच्या दंड संहितेतल्या कलम ३०४-अ ला जास्तीत जास्त दोन वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चालकही गेला असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. त्याची बायको मात्र गावाचे टोमणे ऐकत बसते, आणि चूक त्याचीच ठरली तर १६६ खाली त्याच्या मरणाची भरपाईही तिला मागता येत नाही.

मामाचं काय करायचं, हे माझ्या पुस्तकांत नाही. त्याला मी पॉलिसीचा कागद शोधायला लावतो. नुसती थर्ड पार्टी असेल तर घरच्या गाडीत बसलेल्या माणसाचा विमा बहुधा नसतोच. पॅकेज पॉलिसी लागते. आणि हा शोध वर्षश्राद्धापर्यंत लांबवू नये. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत दाखल करायची अट कायद्यात आली आहे.