झाकलेले शॉकअप

रिद्धपूर म्हणजे महानुभावांचे क्षेत्र. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राशी त्याचे नाव कायमचे जोडलेले आहे. येथे पिढ्यान् पिढ्या दुकानदारी करणाऱ्या घरांना मात्र गावाची आणखी एक ओळख असते, ती म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्या पावसानंतर चाकाला अशी बिलगते, की मोटरसायकल ढकलणेही कठीण व्हावे. अशाच एका घरात पावसाळ्याच्या तोंडावर बाप-लेकांत मतभेद झाला. विषय वरवर क्षुल्लक होता: गाडीच्या पुढच्या शॉकअपला रबरी बूट घालावेत की नाही.

बाबूजींचे मत पक्के होते. ज्यांच्या दुकानात गुळाची ढेप गोणपाटाखाली, तराजू फडक्याखाली आणि वह्या लाल कापडात राहतात, त्यांना ती उघडी, चकाकती नळी पाहवत नसे. त्यांच्या तरुणपणीच्या बुलेटला या नळ्यांवर पोलादी आवरणच असे. मुलाला मात्र हा अकारण खर्च वाटे. कंपनीने जे दिले नाही, ते आपण का लावावे? आणि मोर्शी-चांदूर बाजार भागातील खेड्यांत गाडी घेऊन फिरणारा तोच होता. खरी वसुली दिवाळीनंतर. उधारीचा माल मात्र ऐन पावसातच पोचवावा लागतो. चातुर्मासात साधूंचा विहार थांबतो, व्यापाऱ्याचा थांबत नाही.

प्रश्न रुपयांचा नव्हता. शॉकअपची नळी क्रोमचा मुलामा दिलेली, आरशासारखी गुळगुळीत असते. ती खालच्या नळकांड्यात सरकते आणि आतले तेल रबराची एक पातळ कडा, म्हणजे ऑइल सील, अडवून धरते. चिखल नळीवर वाळला, की त्यातील वाळूचे कण प्रत्येक खड्ड्यागणिक त्या कडेवर घासतात. नळीवर ओरखडे उठतात, ओलाव्याने गंजाचे ठिपके पडतात आणि सील फाटते. मग तेल पाझरू लागते. इथवर नुकसान केवळ पैशांचे. पण ते तेल ओघळत पुढच्या डिस्कवर आले, तर ब्रेक दाबूनही धरत नाही. ओल्या रस्त्यावर, अंधारात, मागे घरचे माणूस बसलेले असताना काय घडेल, हे बाबूजींनी बोलून दाखवले नाही. मुलालाही ते विचारावे लागले नाही.

निवाडा मिस्त्रीकडे गेला. त्याने दोघांनाही पूर्ण दुजोरा दिला नाही. "बूट चांगलाच आहे, शेटजी," तो म्हणाला, "पण झाकलं म्हणजे वाचलं असं नाही. आतली माती कोन काढन?" घड्या घातलेल्या त्या बुटात पाणी शिरले की लवकर सुकत नाही, वरून सारे नीटनेटके दिसते आणि आत क्रोम गंजत राहतो. म्हणून खाली पाणी निघायला छिद्र हवे, आणि बूट वर सरकवून नळी पुसणारा हात हवा. तो हात नसेल, तर उघडी नळी बरी. निदान तिचा मळ डोळ्यांना दिसतो. धुण्याच्या जोरकस फवाऱ्याचे तोंड सीलकडे कधीही करू नये, हेही त्याने बजावले.

बर्फाच्या देशांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेथे मोटरसायकलचे पुढचे चाक काढून पाटी बसवतात आणि मागे रबरी पट्टा लावून ती बर्फावर चालवतात. ताज्या बर्फात खडे नसतात, वाळू नसते. म्हणून रक्षक काढून टाकावेत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु नळीवर गोठलेले हिमकणही सीलला कठीणच, आणि रक्षकामागे दाटलेला बर्फ तर अधिकच त्रासाचा. माती असो की बर्फ, आडोशाला साचलेले काढावेच लागते. भारतात रॉयल एनफिल्डने 2016 साली आणलेल्या हिमालयनला रबरी बूट कारखान्यातूनच होते. त्या गाडीची वाटच खडकाळ होती. केवळ डांबरी रस्त्याने अमरावतीला जाणाऱ्या गाडीला त्यांची गरज पडेलच असे नाही. शिवारातल्या वाटेची गोष्ट निराळी.

बूट बसले. बाजार बंद असण्याच्या दिवशी ते वर सरकवून मऊ फडक्याने नळी पुसायची, हे काम मुलाने पत्करले. पहिल्या पावसानंतर बाबूजी स्वतः ओट्यावर येऊन पाहत उभे राहिले. बुटाच्या तळाशी ओल्या मातीचे बोटभर कडे जमले होते; त्यावरची नळी मात्र कोरडी होती. बाबूजींनी दुकानातून आणखी एक जुने धोतर फाडून आणले.