फुंकरीवर जगणारे गाव

जर्मनीत गेलेला माणूस बर्लिन पाहतो, ऱ्हाईन नदीत नौकेतून हिंडतो आणि परततो. थुरिंगियाच्या डोंगरांत दडलेल्या लाउशाकडे आपल्यापैकी सहसा कोणी वळत नाही. मी वळलो तो सौ.च्या हट्टामुळे. नाताळच्या झाडावर टांगायचे काचेचे गोळे जिथे जन्मले, ते गाव तिला पाहायचे होते.

गाव अरुंद दरीत वसलेले. घरांची छपरेच नव्हे, भिंतीसुद्धा काळ्या पाटीच्या दगडाने मढवलेल्या. १५९७ साली हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी इथे काचेची भट्टी घातली. सरपणाला जंगल दाराशीच होते. पुढे एका गरीब कारागिराला झाडावर टांगायला सफरचंदे आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ती काचेचीच फुंकली, अशी गोष्ट सांगतात. खरे-खोटे देव जाणे! एवढे मात्र खरे, की १८६७ साली गावात गॅस आला, ज्योतीला जोर चढला आणि घरोघरी मोठे, तलम गोळे होऊ लागले.

आम्ही गेलो त्या घरात बाप ज्योतीपुढे बसला होता. काचेची नळी बोटांत सारखी फिरत होती. ती लाल होऊन लवू लागताच त्याने टोक ओठांना लावले. हलकीशी फुंकर, आणि पाहता पाहता संत्र्याएवढा गोळा! पलीकडे आजीबाई त्यात चांदीच्या क्षाराचे द्रावण घालून गोळा गरम पाण्यात हलवीत होत्या. काच आधी काळवंडली, मग आतून आरशासारखी उजळली. रंग देणे, देठ कापणे, टोपी बसवणे हे सुनेकडे आणि नातीकडे.

नात लाइप्झिगला शिकते, सुट्टीत येते. तीच आमची दुभाषी. आजीबाई जुन्या गोष्टी सांगत होत्या. पूर्वी बाया पाठीवर टोपल्या घेऊन सोनेबेर्गच्या व्यापाऱ्यांकडे डोंगर उतरत. भाव व्यापारी ठरवी. माल अमेरिकेतल्या वुलवर्थच्या दुकानांपर्यंत जाई आणि इथे पोरेसुद्धा रात्री दिव्यापाशी कामाला बसलेली असत. हे ऐकले, आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या आमच्या सौ.ने तीन गोळ्यांचे पैसे मुकाट्याने मोजले.

२०२१ साली जर्मनीने या कलेची आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. मान झाला. पण यंत्रावर निघालेल्या स्वस्त गोळ्यांशी गाठ आहे ती आहेच. मी सहज विचारले, "बाबांनंतर इथे कोण बसणार?"

मुलीने तो प्रश्न आजीला सांगितलाच नाही. क्षणभर थांबून हळूच म्हणाली, "मला फुंकता येते. पण जन्मभर हेच करायचे का, ते अजून ठरवले नाही."

आजीबाई काही न कळून आमच्याकडे पाहून हसल्या आणि पुढचा गोळा हलवू लागल्या.

साड्यांच्या घड्यांत गुंडाळूनही एक गोळा वाटेत फुटला. घरी बॅग उघडल्यावर सौ. त्याच्या कपच्या कागदावर वेचीत होती. पापुद्र्याएवढी पातळ काच, आतून लखलखीत.

"अहो," ती म्हणाली, "त्या पोरीने ठरवले असेल का हो?"