लाल पेन

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी भित्तिपत्रकाचा संपादक म्हणून सरांनी माझं नाव वाचलं, तेव्हा मी आधी काय केलं असेल, तर एक लाल पेन विकत घेतलं. संपादक म्हणजे चुका काढणारा, अशी माझी समजूत!

दुसऱ्याच अंकासाठी प्रथम वर्षाच्या एका मुलीनं आपल्या आईवर लेख दिला. आई लोकांच्या शेतात खुरपायला जाते. तिनं लिहिलं होतं, ‘आई सांजच्याला घरी येती तवा तिच्या हाताला गवताचा हिरवा वास येतो.’ माझं पेन सरसावलं. ‘माझी माउली सायंकाळी श्रांत होऊन परतते, तेव्हा तिचे हात कष्टांची साक्ष देतात,’ असं शुद्ध वाक्य मी तिथं बसवलं. सगळा लेख असाच ‘सुधारून’ फळ्यावर लावला. मुलं थांबून वाचत होती. मी खूश!

ती मात्र फळ्यासमोर बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, “दादा, लेख छान झालाय. पण ही माझी आई नाही.”

पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही.

६ जानेवारी जवळ आला. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून तो आपला पत्रकार दिन. त्याची माहिती लिहिताना मी अडखळलो. ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापत. तिथं दोन भाषा एका पानावर नांदल्या, आणि माझ्या फळ्यावर मराठीतच घरच्या बोलीला जागा नव्हती!

तिच्या वर्गाबाहेर जाऊन मी माफी मागितली. मूळ लेख तिच्या वहीत होता. या वेळी तिला मोठ्यानं वाचायला लावलं आणि फक्त विचारत गेलो : खुरपताना बायका काय बोलतात? पाऊस लागला तर मजुरी मिळते का? उत्तरं देता देता तिनंच दोन परिच्छेद वाढवले. चारदोन वेलांट्या तिला विचारून बदलल्या. त्या अंकात लेख पुन्हा लागला. खाली मी लिहिलं, ‘मागच्या वेळी हा लेख संपादकाने बिघडवला होता.’

यंदा संपादक ती आहे. परवा मी ते लाल पेन तिच्या हवाली केलं. तिनं ते कंपासपेटीत ठेवून दिलं आणि शेजारी बसलेल्या नव्या मुलाला म्हणाली, “हं, वाच बघू मोठ्यानं.”